जिन्यावरचा आकडा

आमच्या इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, पहिल्या शुक्रवारी वाटलं की लिफ्ट बंद पडली. सकाळचे सहा वाजले होते आणि बारा माणसं, त्यातली निम्मी पन्नाशी ओलांडलेली, खेळाचे बूट घालून कुवेतच्या मंगाफमधल्या आमच्या अकरा मजली इमारतीचा जिना चढत होती. लिफ्ट चालू आहे, असं त्यानं आम्हाला तीनदा सांगितलं. आम्ही तिबेटला जाणार आहोत, हे मी माझ्या मोडक्या अरबीत त्याला समजावलं, तेव्हा त्यानं एकदा जिन्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं आपला चहा प्यायला लागला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी इथं तेवीस वर्षं राहतोय आणि या तेवीस वर्षांत माझ्या पायांना चढ म्हणून जो काही लागला तो गाड्यांच्या पार्किंगच्या रॅम्पचा. आणि आम्ही निघालो होतो ल्हासाला, जवळपास बारा हजार फुटांवर. डोंगर नाही तर जिना, असं भाईंनी ठरवलं. आमच्या इमारतीचा जिना रुंद आहे आणि त्यावर लोकांनी जुने फ्रिज आणून ठेवलेले नाहीत, म्हणून तो मान आमच्याकडे आला.

भाई म्हणजे आमचे टूरवाले. मूळचे रत्नागिरीकडचे, फरवानियात एका मनी एक्स्चेंजच्या दुकानाच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. वीस वर्षं लोकांना मक्केला, उमऱ्याला नेलं, मग जॉर्जिया, अझरबैजान, आणि गेल्या दोन वर्षांपासून चीन-तिबेट. मंदिरं, मठ, चहाची दुकानं, ऑपेरा, सगळं दाखवतात आणि स्वतः बरोबर येतात. साठीच्या आसपासचे, बुटके, आवाज कधी चढत नाही. त्यांनी पहिल्याच बैठकीत आम्हाला सांगितलं होतं की चीनचा ग्रुप व्हिसा म्हणजे एक कागद. त्या कागदावर बाराजणांची नावं ओळीनं. त्याच बाराजणांनी आत शिरायचं आणि त्याच बाराजणांनी बाहेर पडायचं. तिबेटचा परवानाही तसाच, सगळ्यांचा मिळून. एकदा यादी गेली की मग कुणाला पोट दुखतंय, कुणाला रजा मिळत नाही, हे चालणार नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. यादी जायच्या आधीच्या शुक्रवारी प्रत्येकानं न थांबता अकरा मजले चढायचे आणि वर पोचताच बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. आकडा ब्याण्णवच्या खाली असेल तर नाव यादीत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. पहिल्या वर्षी एका बाईंना ल्हासाहून खाली आणताना भाई जे घाबरले, त्यातून तो निघाला होता.

आकडे लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा धंदाच तो. शुऐब्याच्या एका पेट्रोकेमिकल प्लान्टमध्ये मी सेफ्टीत आहे. टाकी साफ करायला माणूस आत उतरायचा असेल तर आधी आतली हवा तपासायची, ऑक्सिजन किती ते परमिटवर लिहायचं, मी सही करायची, मगच माणूस आत. चांगल्या हवेत मीटर वीस पॉइंट नऊ दाखवतो. त्यामुळे टाकीपाशी न जाताच आकडा लिहिणारा माणूस नेहमी वीस पॉइंट नऊ लिहितो. खोटं लिहिणारा कधी काठावरचा आकडा लिहीत नाही. ज्याच्यावर कुणी प्रश्न विचारणार नाही असाच आकडा तो शोधतो. सलग पाच परमिटांवर वीस पॉइंट नऊ दिसला की मी स्वतः मीटर घेऊन टाकीपाशी जातो. अशा एका जुन्या टेस्टरला, माझ्याच वयाच्या माणसाला, मी कामावरून काढायला लावलं होतं. तो माझ्या केबिनमध्ये येऊन रडला होता आणि मी त्याला म्हणालो होतो की रडायचं तर त्या टाकीतल्या माणसाच्या घरी जाऊन रड. प्लान्टमध्ये लोक माघारी मला 'ममनू' म्हणतात. अरबीत ममनू म्हणजे मनाई. हे मला कळलं तेव्हा राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं होतं.

आता बायकोबद्दल.

कोविडमध्ये तिला इथं अठरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले होते. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात व्रण राहिला. रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही, डॉक्टर म्हणाले होते, फक्त फार धावपळ, फार उंची, जरा जपून. ते 'जरा जपून' आमच्या घरात चार वर्षं एखाद्या पाहुण्यासारखं राहिलं. ती भाजीची पिशवी उचलायला गेली की मी आधी उचलायचो. ती चिडायची. मी आजारी होते, आता नाहीये, म्हणायची.

तिबेटचं वेड तिचं, माझं नाही. ती नाशिकला शाळेत असताना दर हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरची दुकानं लावायचे. आमच्याकडे प्रत्येक गावात लावतात तशी, बांबू आणि ताडपत्रीची. तिची आई नोकरीला, म्हणून शाळा सुटल्यावर ती अशाच एका दुकानात बसायची. दुकानातली बाई तिला लोकरीचे गुंडे करायला द्यायची आणि खारट चहा पाजायची. आपल्या गावच्या गोष्टी सांगायची: देवळात लोण्याचे दिवे असतात, माणसं देवळाभोवती लोटांगण घालत फिरतात, एक मोठा वाडा आहे त्याच्या पायऱ्या चढताना मध्येच ढग लागतो. मग एका हिवाळ्यात दुसरंच कुणीतरी त्या दुकानात बसलेलं होतं आणि त्या बाईचं काय झालं ते कुणाला सांगता आलं नाही. बायकोनं मला हे लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि नंतर दर हिवाळ्यात एकदा तरी सांगितलं. भाईंची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा तिनं ती मला पाठवली नाही. फोनच माझ्या हातात आणून दिला.

तीन महिने ती जिना चढली. बाकीचे शुक्रवारी चढायचे, ती रोज. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तिनं मला बजावलं, "आकडा ब्याण्णवच्या खाली आला तर मी स्वतः नाव काढून घेईन. तुम्ही मध्ये पडायचं नाही, भाईंना गळ घालायची नाही. मला कुणावर ओझं होऊन जायचं नाही."

मी हो म्हणालो.

त्या शुक्रवारी तोझ होता. तोझ म्हणजे इथलं धुळीचं वादळ. खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती आणि दारं बंद असूनही जिन्यात मातीचा वास भरला होता. चाचणी पुढं ढकलू या, असं मी भाईंना म्हणालो, पण यादी रविवारी द्यायची होती. एकेकाला सोडायचं असं ठरलं. भाई तळमजल्यावर घड्याळ घेऊन, मी वर अकराव्या मजल्यावर मीटर आणि कागद घेऊन. नऊजणांचे आकडे लिहून झाले. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, एका पुणेकर गृहस्थांचा त्र्याण्णव, तो त्यांनी दोनदा तपासून घेतला. माझा स्वतःचा मी आधीच लिहिला होता.

बायको शेवटी आली. आली ती थेट वरच्या पायरीवर बसली, डोळे मिटून, मान भिंतीला टेकवून. खांदे वरखाली होत होते. मी तिच्या बोटाला मीटर लावला. पडदा माझ्याकडे होता. आधी नुसत्या रेघा आल्या आणि मग एकोणनव्वद.

मी थांबलो. अर्धं मिनिट. नव्वद. परत एकोणनव्वद.

त्या अर्ध्या मिनिटात मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, कारण नंतर तो मी पुन्हा पुन्हा उकरून काढलाय. धूळ आहे, मी स्वतःला म्हणालो. आज कुणाचाही कमी येईल. (नऊजणांचा आला नव्हता.) मीटर स्वस्तातला आहे. ब्याण्णव आणि एकोणनव्वद यात तीनाचा तर फरक. आणि या सगळ्याच्या खाली जे होतं ते असं, की डोळे उघडल्यावर तिच्या चेहऱ्याचं जे होईल ते मला बघायचं नव्हतं. तीन महिने रोज जिना चढलेल्या बाईला मी नाही म्हणू शकत नव्हतो. आयुष्यभर लोकांना नाही म्हणून पोट भरलेला मी माणूस.

"किती?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"शहाण्णव," मी म्हणालो, आणि तेच लिहिलं.

ती हसली. डोळे उघडून म्हणाली की तुमच्यापेक्षा एकानं जास्त. मी मीटर बंद करून खिशात घातला. ब्याण्णव नाही, त्र्याण्णव नाही, शहाण्णव. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

दुपारी तिनं मुलीला फोन लावला. मुलगी कॅनडात शिकते, आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. "नाइन्टी-सिक्स? आई, दॅट्स बेटर दॅन मी," असं ती स्पीकरवर म्हणाली. मग नाशिकला बहिणीला फोन झाला, मग शेजारच्या केरळी बाईंना सांगून झालं. यादी रविवारी गेली. मी एक फोन करून ती थांबवू शकलो असतो. सोमवारीही भाईंना खरं सांगू शकलो असतो. पण एकदा सही केल्यावर माणूस ती खरी ठरवायच्या मागे लागतो. ती झोपली असताना एकदा मी तिच्या बोटाला मीटर लावून बघितला, पंच्याण्णव होता, आणि मी चक्क हुश्श केलं. समुद्रसपाटीला झोपलेल्या माणसाचा आकडा बघून बारा हजार फुटांची खात्री करून घेणाऱ्या माणसाला मी प्लान्टमध्ये उभं केलं नसतं.

ल्हासाच्या आधी सखल भागातल्या चेंगदू शहरात काढलेले चार दिवस बरे गेले. बागेतल्या चहाघरात बांबूच्या खुर्च्यांवर बसून आम्ही झाकणवाल्या पेल्यातून चहा प्यायलो. एक माणूस लांब चिमटे वाजवत कान साफ करून देतो म्हणत फिरत होता आणि भाईंनी खरोखरच त्याच्याकडून कान साफ करून घेतले. जेवायला तिथल्या मुसलमानांची नूडल्सची खानावळ सापडली. भाईंचं हलालचं काम झालं आणि आम्हा शाकाहारी मंडळींना टोमॅटो-अंड्याची नूडल्स मिळाली. अंडं शाकाहारी आहे असं त्या चार दिवसांपुरतं एकमतानं ठरलं. रात्री ऑपेरात नट मान फिरवायचा आणि क्षणात मुखवटा बदलायचा. बायको लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. मी तिच्या ओठांचा रंग बघत होतो.

ल्हासाला विमानातून उतरल्यावर सगळ्यांची पावलं आपोआप मंदावली. हवा होती, पण पुरत नव्हती. तिथली गाइड एक तरुण तिबेटी बाई होती, छान इंग्रजी बोलायची. तिनं आम्हाला हळू चाला, अंघोळ करू नका, पाणी प्या असं सांगितलं आणि हॉटेलात झोपवलं. संध्याकाळी भाई प्रत्येक खोलीत मीटर घेऊन आले. बाकीच्यांचे आकडे ऐंशीच्या वरखाली होते. बायकोचा त्र्याहत्तर. भाईंनी खिशातून माझ्या हातचा तो कागद काढला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले की वहिनींचा कुवेतचा आकडा सगळ्यांत चांगला होता, म्हणजे शरीर दमदार आहे. पहिल्या दिवशी घसरतंच, उद्या चढेल.

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

का नाही उघडलं? मला खरंच वाटलं होतं की भाई म्हणतायत तर उद्या चढेल. भाई माझ्या आकड्यावर विसंबून बोलत होते आणि मी भाईंवर विसंबून गप्प बसलो. दोन आंधळे एकमेकांचा हात धरून चालले होते, फरक एवढाच की त्यातल्या एकाला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या देवळात गेलो. दगडी फरशी माणसांच्या लोटांगणांनी गुळगुळीत झालेली, आत लोण्याच्या दिव्यांचा जड वास, भिंती काजळीनं काळ्या. बायको सावकाश चालत होती. दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा. बाहेरच्या रस्त्यावर एक म्हातारी हातातलं प्रार्थनाचक्र फिरवत बसली होती. बायको तिच्यापुढं खाली बसली आणि तिला म्हणाली, "टाशी देलेक." स्वेटरवालीनं शिकवलेलं ते एकच नमस्कारासारखं वाक्य तिला येत होतं. म्हातारीनं चक्र थांबवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. काहीतरी लांबलचक बोलली. बायकोला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, पण ती मान हलवत ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. उठायला तिला माझा आधार लागला. तिच्या नखांखाली निळसर झालं होतं ते मला तेव्हा दिसलं. तिला मात्र त्या दिवशी दुसरं काहीच दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाडा. लाल-पांढरा, डोंगराला चिकटलेला, खालून बघताना मान दुखते. पायऱ्या दगडी आणि रुंद. बायको रात्रभर खोकली होती, पण सकाळी बरं वाटतंय म्हणाली. "मी जिद्दी आहे, तुम्हाला माहीत आहे, शहाण्णववाली आहे मी." ग्रुप पुढं गेला. आम्ही तिघं मागं, ती, मी आणि भाई. साठ-सत्तर पायऱ्यांनंतर ती कठड्याला टेकून बसली आणि खोकायला लागली. तो खोकला कोरडा नव्हता. श्वास घेताना छातीत पाणी उकळल्यासारखा बारीक आवाज येत होता.

भाईंनी मीटर लावला. अडुसष्ट.

"बोटं गार पडलीत," भाई म्हणाले. "मशीन चुकतंय, साहेब. कुवेतला शहाण्णव होता वहिनींचा." आणि ते तिचा हात आपल्या दोन्ही तळहातांत घेऊन चोळायला लागले, पुन्हा मीटर लावण्यासाठी.

मी ते दोन मिनिटं चोळू दिलं. त्या दोन मिनिटांची मला जितकी लाज वाटते तितकी जिन्यावरच्या अर्ध्या मिनिटाचीही वाटत नाही. मी बोललो तर सहल संपली आणि मी खोटा ठरलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. समोर माझ्या बायकोच्या छातीत आवाज येत होता आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होतो.

मीटरवर सदुसष्ट आला. मी भाईंचा दंड धरून त्यांना चार पायऱ्या खाली नेलं.

"भाई, मशीन बरोबर आहे. कुवेतला तिचा एकोणनव्वद होता. शहाण्णव मी लिहिला."

भाई माझ्याकडे बघत राहिले. रागावतील, निदान शिवी देतील, असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, वहिनींना माहीत हाय? मी नाही म्हणालो. मग ते वळले आणि पुढची सगळी हालचाल त्यांनी एवढ्या भराभर केली की मला फक्त त्यांच्या मागं धावायचं काम उरलं. गाइडला हाक, ऑक्सिजनची बाटली, दोघा माणसांच्या हातांच्या खुर्चीवरून खाली, मग हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरांनी फुफ्फुसात पाणी साचतंय असं सांगितलं. औषध, ऑक्सिजन, आणि उद्याच्या पहिल्या विमानानं खाली. आधी आकडा किती असायचा, असं त्यांनी गाइडकरवी विचारलं, आणि मी खरं उत्तर दिलं. बायको मास्कखाली डोळे मिटून होती.

ग्रुपच्या परवान्यातून दोघांना वेगळं काढायचं म्हणजे कचेऱ्या, अर्ज, शिक्के. भाई आणि ती गाइड दिवसभर त्यातच होते. गाइडशिवाय ग्रुपला शहराबाहेर जाता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी दुपारी ठरलेला शहराबाहेरच्या निळ्या तलावाचा कार्यक्रम रद्द झाला आणि पुन्हा जमला नाही. लोक चांगले होते, कुणी तोंडावर कुरकुरलं नाही. विमानतळावर निरोप देताना भाईंनी मला बाजूला घेतलं.

"मी कोनाला सांगनार नाय," ते म्हणाले. "पन वहिनींना तुम्ही सांगायचं. ते माझं काम नाय."

चेंगदूच्या हवेत ती दोन दिवसांत बसून जेवायला लागली. तीन दिवसांनी ग्रुप खाली आला आणि कागदावरच्या ओळीनं आम्ही बाराजण बाहेर पडलो. मी तिला सांगितलं नाही. आधी बरी होऊ दे, मग घरी पोचू दे, मग इथल्या डॉक्टरांना दाखवून होऊ दे. सबबींना कधी तोटा नसतो. ती फार गप्प झाली होती. जिना चढायचं सोडलंच, पण बाजारातही येईना. एकदा मी भाजीची पिशवी उचलली तेव्हा ती काही बोलली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, भाईंनी सगळ्यांना फरवानियाला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या घरच्यांनी सांदणं केली होती, आमच्यासाठी वेगळी भाजी, वेगळा पुलाव. फोटो दाखवणं चाललं होतं. ते त्र्याण्णववाले पुणेकर गृहस्थ सहज म्हणाले की सगळं बघून झालं, तलाव तेवढा राहिला. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बायकोनं ताट खाली ठेवलं आणि ती उभी राहिली.

"मला तुम्हा सगळ्यांची माफी मागायची आहे," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुमचा एक दिवस वाया गेला. मी चाचणीत चांगली पास झाले होते, म्हणून मला वाटलं मला जमेल. मी माझ्या तब्येतीबद्दल नीट विचार करायला हवा होता."

सगळे एकदम नाही-नाही करायला लागले. भाईंनी हातातला घास ताटात ठेवला. ते माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या ताटाकडे बघत होते.

माझे हात भाताचे होते, तसाच मी उठलो. "ती पास झाली नव्हती," मी म्हणालो. "कागदावरचा आकडा माझा आहे, तिचा नाही. माफी मागायची तर मी." पुढं काय बोललो ते मला सलग आठवत नाही. प्लान्टमध्ये चौकशी समितीपुढं माणसं जशी बोलतात तसं, अर्धवट वाक्यांत बोललो असणार. बायको माझ्याकडे बघत उभी होती. मग ती खाली बसली आणि तिनं ताट हातात घेऊन ताटातलं सगळं संपवलं, शेवटच्या शितापर्यंत. भाईंच्या घरच्यांनी आग्रह केला तेव्हा एक सांदणही घेतलं.

फरवानियाहून मंगाफ अर्ध्या तासाचा रस्ता. ती पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर. पहिल्या दोन सिग्नलांपर्यंत मी गाडी अशी चालवत होतो की जणू माझी परीक्षा चाललीय.

"खरा किती होता?" तिनं विचारलं.

"एकोणनव्वद."

"ठरवायचं माझं होतं."

मी हो म्हणालो. तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता, हेही सांगितलं. ते खरं होतं, पण बोलल्यावर फार किरकोळ वाटलं. समोरून ऊन येत होतं, तिनं काचेवरची पट्टी खाली केली.

"तीन आठवडे मी माझ्या शरीराला शिव्या देतेय," ती म्हणाली. "ऐन वेळी दगा दिला म्हणून. त्या बिचाऱ्यानं जिन्यावरच सांगितलं होतं."